कुत्रा मेला महाराज, आता निर्धास्त फिरा

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ तेण ।
गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

महाराष्ट्री प्राकृतातल्या या दोन ओळी. पहिलीत ३० मात्रा, दुसरीत २७; गाथा छंदाचं ठरलेलं माप. ‘गोला’ म्हणजे गोदावरी, ‘सुणओ’ म्हणजे कुत्रा, ‘कुडंग’ म्हणजे वेलींची दाट जाळी, ‘दरिअ’ म्हणजे दृप्त, माजलेला. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते आहे: फिरा महाराज, निर्धास्त फिरा. तो कुत्रा आज मारला गेला. गोदेकाठच्या जाळीत राहणाऱ्या त्या माजलेल्या सिंहानं मारला त्याला.

शब्दांत परवानगी आहे आणि ऐकणाऱ्याच्या पदरात पडते ती मनाई. आडून सुचवणं या क्रियेचा इतका नेमका नमुना क्वचितच सापडतो. म्हणूनच ही गाथा भारतीय काव्यशास्त्रात निदान दोनशे वर्षं वादाच्या मध्यभागी राहिली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीतली ही गाथा, प्रचलित क्रमानं दुसऱ्या शतकातली पंचाहत्तरावी (इथं शतक म्हणजे शंभर गाथांचा गट). सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण, गोदाकाठीच. तिथल्या नदीची ही गाथा नवव्या शतकात काश्मिरात पोहोचली. राजा अवंतिवर्म्याच्या काळातल्या आनंदवर्धनानं ध्वन्यालोक या ग्रंथात ‘ध्वनी’ (काव्यातला सुचवलेला अर्थ) म्हणजे काय हे दाखवण्यासाठी पहिल्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, ती घेतली. वाच्य, म्हणजे शब्दांतून सरळ कळणारा, अर्थ विधीचा, म्हणजे ‘कर’ सांगणारा, आणि सुचलेला अर्थ निषेधाचा, या प्रकाराचं हे त्याचं उदाहरण.

या सुचलेल्या अर्थाला शास्त्रात व्यंग्य म्हणतात आणि तो पोहोचवणाऱ्या शक्तीला व्यंजना. अभिधा, लक्षणा, व्यंजना ही त्रयी शाळेच्या व्याकरणात आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत सगळ्यांनी पाठ केलेली असते. पाठ करताना व्यंजना म्हणजे ‘वाक्याचा दुसरा अर्थ’ एवढंच डोक्यात राहतं. या गाथेपुरतं तेवढं पुरत नाही. इथं दुसरा अर्थ एक नाही, दोन आहेत, आणि ते वेगवेगळ्या माणसांना मिळतात.

प्रसंग कुणी रचला

गाथेत प्रियकर नाही. संकेतस्थळ नाही. बाई कोण, हेही नाही. आनंदवर्धन तर उदाहरण देऊन पुढे जातो. प्रसंग भरला तो साधारण इ.स. १०००च्या सुमारास अभिनवगुप्तानं, ध्वन्यालोकावरच्या आपल्या ‘लोचन’ टीकेत. त्याच्या मते गोदाकाठची ती जाळी हे त्या बाईचं प्रियकराला भेटण्याचं ठिकाण, जिवापाड जपलेलं. हा धार्मिक तिथं पूजेसाठी फुलं-पानं तोडायला येतो. त्यामुळे दोन अडचणी होतात. एक, त्याच्या येण्याजाण्यानं एकांत मोडतो. दुसरी लक्षात न येणारी: तो पालवी ओरबाडून नेतो, जाळी विरळ होते, आडोसा जातो. म्हणजे तो तिथं नसतानाही त्याचा उपद्रव चालूच असतो. पूर्वी गावातल्या कुत्र्याच्या भीतीनं त्याचं फिरणं आपोआप रोखलं जात होतं. आता बाईला त्याला कायमचं दूर ठेवायचं आहे, आणि तेही आपण ठेवतो आहोत हे न कळू देता.

टीकाकारानं हे सगळं हवेतून आणलं का? पूर्ण नाही. सप्तशतीतल्या गाथा वाचत गेलं की नदीकाठच्या जाळ्या, वेतसाची बेटं, तिळाची आणि तागाची उभी शेतं ही चोरट्या भेटींची जागा म्हणून पुन्हा पुन्हा येतात. त्या संग्रहाच्या वाचकाला ‘गोदाकाठची जाळी’ म्हटलं की जे सुचायचं ते सुचतंच. एखाद्या जुन्या मराठी चित्रपटात दोन फुलं एकमेकांवर टेकलेली दाखवली की पुढचं सांगावं लागत नव्हतं, तसंच. तरीही हे स्पष्ट म्हणायला हवं की प्रियकराची गोष्ट शब्दांतून निघत नाही, संकेतातून निघते. तो संकेत ज्याला ठाऊक नाही त्याला ही गाथा एका भल्या बाईनं दिलेली खबर वाटेल. आणि गंमत अशी की गाथेतल्या धार्मिकाला ती तशीच वाटते.

एकेक शब्द

‘भम’, म्हणजे फिर. हे आज्ञार्थी रूप आहे, पण हुकूम नाही. अभिनवगुप्त इथं व्याकरणाचा बारकावा काढतो: हा आज्ञार्थ, म्हणजे संस्कृत व्याकरणातला लोट्‌ ‘अतिसर्ग’ किंवा ‘प्राप्तकाल’ या अर्थाचा. म्हणजे ‘हरकत नाही, आता करा’ किंवा ‘आता वेळ आली’. फिरणं त्याचं मुळातच चालू होतं, कुत्र्यानं ते अडवलं होतं, ती आडकाठी गेली, एवढंच वाक्य सांगतं. हुकूम दिला असता तर ‘ही कोण सांगणार?’ हा प्रश्न आला असता. परवानगीच्या सुरात तो येत नाही. उलट बाई आपल्या सोयीची काळजी करते आहे असं वाटतं.

‘सो सुणओ’, तो कुत्रा. दोघांनाही माहीत असलेला. पडताळून पाहता येईल अशी सबंध गाथेतली ही एकच वस्तू. कुत्रा दिसेनासा झाला आहे हे धार्मिक स्वतः बघू शकतो. न पडताळता येणारी गोष्ट पडताळता येणाऱ्या गोष्टीला बांधून दिली की पहिलीलाही खरेपणाचा रंग चढतो. अफवा पसरवणारे आजही हेच करतात: पूल खरंच बंद असतो, बनवलेलं असतं ते फक्त बंद असण्याचं कारण.

‘अज्ज’, आज. हा शब्द काढून बघावा. ‘तो कुत्रा सिंहानं मारला’ एवढंच उरलं तर ते महिन्यापूर्वीचंही असू शकतं आणि सिंह एव्हाना निघून गेलेला असू शकतो. ‘आज’मुळे धोका ताजा राहतो.

‘मारिओ’, मारला गेला. पळाला नाही, जखमी झाला नाही. तो पुन्हा उठणार नाही, असं अभिनवगुप्त या शब्दावर म्हणतो. आनंदाची बातमी पक्की व्हायला हवी, कारण तिच्या पाठीवर बसूनच वाईट बातमी येणार आहे.

‘तेण’, त्यानं. सगळ्या गाथेतला सर्वांत कावेबाज शब्द हा. ‘एका सिंहानं’ नाही, ‘त्या’ सिंहानं. टीकेनुसार याआधीच ‘जाळीत सिंह राहतो’ ही कुजबुज धार्मिकाच्या कानांवर जाईल अशी सोय बाईनं करून ठेवली होती. कर्णोपकर्णी, म्हणजे या कानाचं त्या कानाला. आता ती नवी माहिती देत नाही, जुन्या माहितीची आठवण करते. नाशिक-निफाडच्या ऊसपट्ट्यात आज ‘त्या बिबट्यानं वासरू नेलं’ म्हटलं तर ‘कुठला बिबट्या?’ असं कुणी विचारत नाही. तो आधीपासून सगळ्यांच्या बोलण्यात असतोच.

मग येतो लांबलचक समास, गोदेकाठच्या जाळीत राहणारा. इथं खरी कारागिरी आहे. बाईला धार्मिकाच्या डोक्यात एकच गोष्ट घालायची आहे: जाळीत सिंह आहे. आणि तेवढीच गोष्ट तिनं विधान म्हणून केलेली नाही. विधान कुत्र्याच्या मरणाचं. सिंहाचा पत्ता विशेषणात. माणूस विधानाशी वाद घालतो, विशेषण गिळून टाकतो. ‘तुमचं ते उशिरा येणं हल्ली बरंच कमी झालंय’ असं कार्यालयात साहेबानं चारचौघांत म्हटलं, की ऐकणारा ‘कमी झालंय’ला मान डोलावतो आणि ‘उशिरा येणं’ कबूल करून बसतो.

‘दरिअ’, माजलेला. हे विशेषण केवळ सिंहाची शोभा वाढवायला नाही. साधा सिंह जाळीत असेल तर धार्मिक जाळीत शिरणार नाही, पण काठाकाठानं फिरेल, बाहेरची फुलं तोडील. बाईचं काम अर्धंच झालं. माजलेला सिंह मात्र जाळीत बसून राहत नाही, बाहेर पडतो. कुत्र्याला मारलं ते बाहेर येऊनच. त्यामुळे काठावरून जाण्याचीही गोष्टच संपली, जाळीत शिरण्याचं तर नावच नको. अभिनवगुप्तानं हे नेमकं टिपलं आहे. एका विशेषणानं निषिद्ध प्रदेश जाळीपासून सगळ्या तीरापर्यंत वाढला.

आणि ‘सीहेण’ सगळ्यांत शेवटी. ‘फिर’नं सुरुवात, ‘सिंहानं’ शेवट. सुटकेचा श्वास घेऊन व्हायच्या आत तो अडकतो.

कुठं फसलं असतं

हेच काम ती दुसऱ्या रीतीनं करायला गेली असती तर?

‘तिकडं जाऊ नका’ म्हणाली असती तर ‘का?’ असा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. शिवाय ज्या बाईला त्या जागेत रस आहे तिचं नाव त्या जागेशी जोडलं गेलं असतं.

‘जाळीत सिंह आहे हो!’ असं ओरडून सांगितलं असतं तर याहून वाईट. ती बातमी झाली असती. गाव काठ्या, ढोल, मशाली घेऊन हाकारे घालायला जाळीवर गेलं असतं. एकांत राखायला निघालेल्या बाईनं सबंध गाव तिथं गोळा केलं असतं. गाथेतलं वाक्य एका माणसासाठी, त्याच्या सोयीच्या स्वरात, जाता जाता म्हटलेलं आहे. त्याचा आवाज वाढवला की ते उलटतं.

कुजबुज आधी पेरलेली नसती तर ‘तेण’ लंगडं पडलं असतं.

आणि कुत्रा. तोच या सगळ्या रचनेचा खांब आणि तोच तिचा कच्चा दुवा. तो खरोखर मेला आहे का, हे गाथा सांगत नाही. बाईनं त्याला बांधून ठेवलं असेल, दुसऱ्या गावी सोडलं असेल, की सिंहासारखाच कुत्र्याचा मृत्यूही बनवलेला असेल, काहीही शक्य आहे. उद्या सकाळी तो शेपूट हलवत देवळासमोर आला तर एका भुंकण्यात कुत्र्याचं मरण, सिंह आणि बाईचा भलेपणा, तिन्ही खोटे ठरतात.

‘दिवे लावलेस’शी गफलत

शब्दांत ‘फिर’ आणि अर्थ ‘फिरू नको’, म्हणजे हे उपरोधासारखंच नाही का? पोरानं परीक्षेत दिवे लावल्यावर आई ‘वा, काय दिवे लावलेस!’ म्हणते. शब्द स्तुतीचे, अर्थ निंदेचा. शास्त्रात याला विपरीतलक्षणा म्हणतात आणि काहींनी ही गाथाही तिच्यात बसवायचा प्रयत्न केला. तो टिकत नाही, याचं कारण मात्र नीट समजून घ्यायला हवं.

लक्षणेत मूळ अर्थ अडतो. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटलं की प्रवाहावर घरं कशी असतील, असा अडथळा येतो आणि मन काठाकडे सरकतं. ‘दिवे लावलेस’ मध्येही तसंच: समोर नापासाची गुणपत्रिका असल्यामुळे स्तुती उभीच राहू शकत नाही. मूळ अर्थ मोडतो तेव्हाच उलटा अर्थ निघतो, आणि तो पोरालाही कळतो. कळावा म्हणूनच आई तसं बोलते.

गाथेत मूळ अर्थाला कुठंच ठेच लागत नाही. कुत्रा मेला, म्हणून फिरा: सरळ, सुसंगत वाक्य. ते मोडलं तर बाईचं कामही मोडलं. धार्मिकाला तिच्या बोलण्यात किंचितही वाकडेपणा जाणवला तर तो सिंहावर विश्वास ठेवणार नाही. उपरोधाला वाच्यार्थ पडावा लागतो, आडसूचनेला तो उभा राहावा लागतो.

अनुमान की व्यंजना

अकराव्या शतकात महिमभट्टानं ‘व्यक्तिविवेक’ लिहिला तो सगळा ध्वनी अनुमानातच मोडतो हे दाखवण्यासाठीच. ग्रंथाच्या पहिल्याच श्लोकात तो ही प्रतिज्ञा करतो. व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानायची गरजच नाही, असं त्याचं म्हणणं. धूर पाहून अग्नी कळतो तसं बाईच्या बोलण्यावरून ‘फिरू नये’ हे कळतं. भित्र्या माणसाचं फिरणं भीतीचं कारण नसल्याची खात्री झाल्यावरच होतं. गोदाकाठी तर सिंह असल्याचं कळतं. म्हणून या भित्र्यानं तिथं फिरणं होणार नाही. अनुमान सरळ आहे.

त्याच शतकातल्या मम्मटानं काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात (प्रकरणात) नाव न घेता हे अनुमान मांडलं आणि त्यातल्या हेतूचे, म्हणजे ज्याच्या आधारानं अनुमान केलं त्या कारणाचे, तीन दोष काढले. पहिला: गुरूची किंवा धन्याची आज्ञा असेल, प्रियेची ओढ असेल, तर भित्रा माणूसही भीती असताना फिरतो. म्हणजे हेतू अनैकांतिक, दरवेळी लागू न पडणारा. दुसरा: कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाला भीत नसेल, वीर असेल, हेही शक्य आहे. म्हणजे हेतू विरुद्ध, उलट बाजूला नेणारा. तिसरा सगळ्यांत धारदार: गोदाकाठी सिंह आहे हे ना प्रत्यक्षानं ठरलं ना अनुमानानं, ते फक्त हिच्या बोलण्यावरून. आणि बोलण्याचा वस्तूशी अटळ संबंध नसल्यामुळे ते प्रमाण नाही. म्हणजे हेतू असिद्ध.

दुसरा दोष जरा ओढूनताणून आणलेला वाटतो. सोवळ्यातून कुत्र्याला टाळणारा आणि सिंहासमोर छाती काढणारा माणूस तर्कात शक्य आहे, गोदाकाठी फुलं तोडताना दिसणं कठीण. तिसऱ्या दोषात मात्र सगळं प्रकरण उलगडतं. सिंहाला पुरावा नाही, हे कुणाला ठाऊक आहे? वाचकाला. धार्मिकाला नाही. धार्मिक बाईच्या शब्दाला प्रमाण मानतो, आणि मानतो म्हणून महिमभट्टानं सांगितलेलं अनुमान तो पायरी पायरीनं करतो: कुत्र्याचंच इतकं भय, आता सिंह, तर नकोच. त्याला कुणी ‘नको’ म्हटलेलं नाही. निष्कर्ष त्याचा स्वतःचा, म्हणून तो पक्का. वाचक मात्र त्याच वाक्यातून दुसरं काही ओळखतो: सिंह नाहीच, आणि हिला हा माणूस इथं नको आहे. ते ओळखायला धूर-अग्नीसारखी व्याप्ती, म्हणजे एक असलं की दुसरं असणारच हा नियम, उपयोगी पडत नाही. बाई कोण, कुणाशी बोलते, जागा कुठली, हे सगळं एकदम लक्षात यावं लागतं.

मग वाद सोडवायचा तर दोन थर वेगळे करावेत: ‘जाऊ नये’ हे धार्मिकाचं अनुमान, ‘जाऊ नये अशी हिची इच्छा’ ही वाचकाला मिळालेली व्यंजना. मम्मट ही वाटणी मान्य करणार नाही. त्याच्या लेखी निषेधही व्यंग्यच. पण वाटणी केली की दोघंही कुठं बरोबर होते ते दिसतं. आणि आडसूचनेचं एक लक्षण हाती लागतं: लक्ष्य असलेल्या माणसाला परिणाम पोहोचतो, हेतू पोहोचत नाही.

अर्थ कशाकशावरून फुटतो याची यादी मम्मटानंच तिसऱ्या उल्लासात दिली आहे: बोलणारा, ऐकणारा, आवाजाची ढब (काकू), वाक्य, वाच्यार्थ, तिसऱ्याची उपस्थिती, प्रसंग, स्थळ, काळ वगैरे. एखादं खोचक वाक्य पारखायचं तर ही यादी आजही पुरते. यातलं एक बदलून बघायचं आणि अर्थ टिकतो का ते पाहायचं. ‘सूर्य मावळला’ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण: गवळ्याला ‘गुरं आत घ्या’, दुकानदाराला ‘माल आवरा’, मजुरांना ‘काम थांबवा’, कुणाला संध्येची आठवण, कुणाला प्रियकराकडे निघायची.

मराठीत याला म्हणायचं काय

मराठी या बाबतीत श्रीमंत आहे, पण गाथेतल्या वाक्याला बसेल असा एकच शब्द चटकन सापडत नाही. कारण आपले बहुतेक शब्द लागण्यासाठीच असतात.

टोमणा लागला पाहिजे. नेहमी उशिरा उठणारी व्यक्ती सहाला उठली की ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!’ हा टोमणा. तो तिला कळला नाही तर वाया गेला. शालजोडीतला त्याहून सभ्य. जोडा शालजोडीत गुंडाळून हाणलेला, म्हणून मार आतून, मऊपणा बाहेरून: ‘आपल्या व्याख्यानानं कित्येक श्रोत्यांची निद्रानाशाची तक्रार आज दूर झाली.’ शालजोडीतल्याची खरी कसोटी ही, की ज्याला लागला त्याला उघड रागावता येऊ नये. रागावला तर मार मान्य केल्यासारखं होतं. कोपरखळीत मैत्री गृहीत असते आणि ज्याला मारली तोही हसतो. आपल्याहून वयानं, हुद्द्यानं मोठ्या आणि अनोळखी माणसाला मारलेल्या कोपरखळीला कोपरखळी म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात.

‘लेकी बोले सुने लागे’ ही आणखी वेगळी जात. बोलणं एकीला, मार दुसरीला. आनंदवर्धनानं जिथं ही गाथा दिली तिथल्याच उदाहरणांत याचा मासला आहे. ओठावर व्रण घेऊन आलेल्या बाईला तिची सखी रागावते: बायकोचा असा ओठ पाहून राग कुणाला येणार नाही? भुंगा बसलेलं कमळ हुंगू नको म्हटलं तरी हुंगलंस, भोग आता. बोलणी खाते ती बाई. ऐकवायचं आहे शेजारी उभ्या नवऱ्याला, की व्रण भुंग्याचा आहे. अभिनवगुप्त तिथं श्रोत्यांची रांगच लावतो: नवरा, शेजारी, सवत, स्वतः ती बाई आणि लपलेला प्रियकर, प्रत्येकाला निराळा निरोप. प्रियकराला मिळतो तो असा, की आज वाचवलं, यापुढे दिसेल अशा जागी खुणा ठेवू नकोस.

भम-धम्मिअच्या सर्वांत जवळ जाणारा आपला शब्द बहुधा ‘मखलाशी’: चलाख शब्दयोजनेनं खरं झाकणं. पण मखलाशीत खोट लपवण्याकडे कल असतो, समोरच्याला हलवण्याकडे नाही. त्यामुळे ‘आडून सुचवणं’ हे साधं क्रियापदच शेवटी कामाला येतं. वृत्तपत्रांतला ‘गर्भित इशारा’ तर इथं अजिबात चालणार नाही. ‘युती तुटली तर परिणामांना तयार राहा, असा गर्भित इशारा त्यांनी दिला’ यात गर्भात काही उरलेलंच नसतं. सगळं बाहेर आलेलं असतं.

लिहिताना आणखी एक गोंधळ होतो. मराठीत ‘व्यंग’ म्हणजे शारीरिक किंवा इतर दोष. ‘व्यंग्य’ म्हणजे सुचलेला अर्थ. व्यंगचित्र या शब्दात ‘य’ गळून गेला आणि तसाच रूढ झाला. हिंदीत ‘व्यंग्य’ उपहासात्मक लेखनाला वापरतात. त्यामुळे हिंदीतून भाषांतर करणारा ‘तीखा व्यंग्य’चं ‘तीव्र व्यंग’ करून ठेवतो आणि मराठी वाचकाला कुणाच्या तरी अपंगत्वाबद्दल वाचतोय असं वाटतं. तिथं ‘झणझणीत उपहास’ म्हणावं.

कायद्यालाही ही जात ओळखीची आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेत बदनामीच्या ४९९ व्या कलमाखाली पहिलंच उदाहरण असं: ‘अमका प्रामाणिक माणूस आहे, त्यानं तमक्याचं घड्याळ कधीच चोरलं नाही’ असं, त्यानं ते चोरलं असा समज व्हावा या हेतूनं म्हणणं, ही बदनामी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ३५६ झालं. घड्याळाच्या वाक्याचा सांगाडा गाथेसारखाच: विधान निर्दोष, माल आत. कुणी घड्याळाचं नावही काढलेलं नसताना ‘चोरलं नाही’ म्हणणं हेच घड्याळ चोरीला गेल्याची आणि संशय कुणावर आहे याची खबर. फरक इतकाच की इथं बळी पडणारा ऐकणारा नाही, ज्याच्याबद्दल बोललं तो आहे.

मराठीत आणताना

गाथा भाषांतरित करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, ‘भम’. प्राकृतात एकवचन आहे म्हणून ‘फिर रे’ केलं की बाई त्या धार्मिकाला दरडावते असं वाटतं आणि परवानगीचा सूर जातो. ‘फिरा महाराज’ हवं. ‘भटजी’ म्हटलं तर जात आणि धंदा ठरून जातो, जे मूळ ‘धम्मिअ’त नाही, ‘बुवा’त किंचित थट्टा येते, आणि बाईनं थट्टा करून चालणार नाही.

दुसरं, सिंहाची जागा. मराठी वाक्याची नैसर्गिक चाल क्रियापद शेवटी टाकते: ‘जाळीत राहणाऱ्या सिंहानं तो कुत्रा मारला, आता निर्धास्त फिरा.’ असं केलं की सिंह आधी येतो, धार्मिक आधीच घाबरतो आणि शेवटचं ‘फिरा’ चेष्टा वाटू लागतं. वाच्यार्थ मोडला, आडसूचनेचा टोमणा झाला. म्हणून ‘फिरा’ पुढे आणि सिंह मागे ठेवण्यासाठी वाक्य तोडावं लागलं तरी चालेल. बोलीत आपण तसं बोलतोच.

तिसरं, ‘तेण’. मात्रा जुळवताना किंवा वाक्य सुटसुटीत करताना हा शब्द सहज गळतो, कारण ‘सिंहानं’ आहेच की, असं वाटतं. तो ठेवायचा: ‘फिरा महाराज निर्धास्त, तो कुत्रा मेला आज, मारला त्याच गोदेकाठच्या जाळीतल्या माजलेल्या सिंहानं.’ ‘त्याच’ गाळलं, की धार्मिक फुलांची परडी खाली ठेवून विचारणार, ‘कुठला सिंह, बाई?’